जन्नतबीचा मुक्काम

बायकोसाठी माणसं काय काय करतात ते मी पाहिलंय. कुणी दागिना घेतो, कुणी दारू सोडतो, कुणी नुसतंच सोडतो म्हणतो. पण लातूरच्या गुलाम रसूलनं जे केलं, तसलं मी एसटीच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याच गावात पाहिलं नाही. ह्या माणसानं सदुसष्टाव्या वर्षी बायकोसाठी घर बांधलं आणि त्या घराला चाकं लावली. मजा अशी, की गाडी चालवायला त्याला येतच नव्हती.

मी नरसिंग सरवदे, अहमदपूर आगारातून रिटायर झालेला ड्रायव्हर. स्वभाव तापट. हे माझ्या नोकरीच्या फायलीतसुद्धा लिहिलेलं आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, कारण गाडी चालवणाऱ्याला रस्त्यावर सगळे गाढवच दिसतात. पण ह्या नवराबायकोपुढं मी हात टेकले.

रसूलभाईचं काम ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधायचं. कंपनीतून नुसती चेसी यायची, म्हणजे चाकं, इंजिन आणि उघडा सांगाडा. त्याच्यावर हा माणूस लाकूड, पत्रा आणि रिबिटांनी गाडी उभी करायचा. चाळीस वर्षांत शेकड्यांनी गाड्या बांधल्या, पण एकीचंही स्टिअरिंग धरलं नाही. गिऱ्हाईक गाडी घेऊन जायचं आणि हा सायकलवर घरी यायचा. त्याची बायको जन्नतबी कपडे शिवायची. आम्ही लातुरात भाड्यानं राहायचो ते त्यांच्याच गल्लीत. माझी बायको पारू तिच्याकडं मशीन शिकली आणि दोघींचं असं काही जमलं, की आम्ही लातूर सोडून गावाकडं राहायला गेलो तरी दर महिन्याला एकीचा दुसरीकडं फेरा ठरलेला.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. एवढं म्हटल्यावर मराठवाड्यात पुढचं कुणी विचारत नाही, तरी सांगतो. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात जन्नतबी आमच्याकडं आली होती. माझी पोरगी महामाया तेव्हा चार वर्षांची, तिच्यासाठी शिवलेला फ्रॉक घेऊन. संध्याकाळच्या गाडीनं परत जायची होती, पण पारूनं तिच्या चपला लपवल्या आणि गाडी निघून गेल्यावर काढून दिल्या. पाहुण्याला मुक्कामाला ठेवायची आमच्याकडची ही जुनी खोडी. मी त्या रात्री मुक्कामी गाडी घेऊन दुसऱ्या गावात होतो. पहाटे जमीन हलली. आमचं घर दगडामातीचं, वर हातभर मातीचं माळवद. ते सगळं एका दमात खाली आलं. आत पारू आणि माझी आई होती. अंगणात बाजेवर जन्नतबी होती, आणि महामाया हट्टानं तिच्या कुशीत झोपली होती. त्या दोघी तेवढ्या राहिल्या. मी दुपारी पोचलो. त्यापुढचं मी सांगत नाही, मला नीट आठवतही नाही.

त्या दिवसापासून जन्नतबी कुणाच्या घरी मुक्कामाला राहिली नाही. सख्ख्या पोराच्या घरी नाही, बहिणीच्या घरी नाही, लग्नाकार्यात नाही. जेवायची, हसायची, भांडी घासू लागायची, आणि उन्हं कलली की उठायची. लोकांनी समजून घेतलं. भूकंपातली बाई, छताची भीती बसली म्हणाले. रसूलभाईही तेच धरून चालला. भूकंपानंतर सगळं लातूर महिनाभर बाहेर झोपत होतं, तेव्हा त्यानं अंगणात पातळ पत्र्याची एक खोली ठोकून दिली. जन्नतबी तिथं झोपायला लागली ती कायमची. त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. नवराबायकोचं असंच असतं, सगळं बोलतात आणि नेमकं तेवढंच राहतं.

आता गाडीचं ऐका. लातूरला आधी भूकंपानं लोक ओळखायला लागले आणि मग क्लासेसनी. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं यायला लागली, गल्लोगल्ली होस्टेलं झाली, खांबाखांबावर पहिल्या नंबरवाल्यांचे फोटो लागले. माझी महामायासुद्धा एमएस्सी करून असल्याच एका क्लासात जीवशास्त्र शिकवते. तर असल्या एका क्लासची पोरं वाहून वाहून थकलेली मिनीबस रसूलभाईनं घेतली. वर्कशॉप भाच्याच्या, रिजवानच्या हवाली केलं आणि एका कोपऱ्यात सात महिने तिला खोलून बसला. लोक विचारायचे, चाचा, काय चालवलंय? हा म्हणायचा, घर बांधून राहिलो.

झाल्यावर मला बोलावलं. मी आत शिरलो आणि एकेक वस्तू हात लावून बघत सुटलो. एका बाजूला पलंग, तो दिवसा उचलून भिंतीला लावायचा. गॅसच्या शेगडीला चारी बाजूनं अडण्या, म्हणजे खड्ड्यात पातेलं उडायला नको. जन्नतबीचं शिलाई मशीन खाली बोल्टनं आवळलेलं. डब्यांना खाचा, मसाल्याला खण, कंदिलाला हूक, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी. जन्नतबी उंच बाई, तिला नमाजला ताठ उभं राहता यावं म्हणून छत दहा इंच वर उचललेलं आणि त्यावर पाण्याची टाकी. छत मात्र पातळ पत्र्याचं. मला हात लावायला सांगितला. म्हणाला, हे अंगावर पडलं तरी माणसाला खरचटणारसुद्धा नाही. पंचवीस वर्षं बायको कुणाच्या घरात झोपत नाही, तर तिच्या झोपायच्या जागेलाच घेऊन सगळ्यांच्या दारात जायचं, असा त्याचा बेत. मी आजवर भल्याभल्या गाड्या चालवल्या, पण असं एका माणसाच्या मापानं बांधलेलं काही पाहिलं नव्हतं. आणि कौतुक करायच्या ऐवजी मी टाकी फार उंच झालीय म्हणून त्याला झापलं. पुढं ते खरं ठरलं, ती गोष्ट वेगळी.

गाडी चालवायला मीच शिकवली. तीन महिने दर रविवारी रिंगरोडच्या मोकळ्या प्लॉटांवर. माझा घसा बसला, त्याचा बीपी वाढला, दोनदा आमची बोलचाल बंद झाली. पण शिकला पठ्ठ्या. लायसन्स हातात आलं त्या दिवशी मला मिठी मारली आणि गाडीच्या दाराची आतली बाजू दाखवली. शिरूर अनंतपाळचा मलप्पा पेंटर त्याचा जुना जोडीदार, त्याच्याकडून तिथं गावांची यादी रंगवून घेतली होती. तेरा गावं. लाल अक्षरात, खाली पिवळी सावली. शिरूर अनंतपाळ होतं, अहमदपूर होतं, लोहा होतं, नांदेड होतं, पार हिमायतनगरपर्यंत सगळी सोयरी आणि दोस्त.

माझं गाव त्यात नव्हतं.

मी यादी दोनदा वाचली. मी तापट माणूस, पण त्या दिवशी गप्प बसलो. रसूलभाईही खाली बघत राहिला, तेव्हा कळलं, की नाव त्यानं सांगितलं असणार आणि तिनं काढायला लावलं असणार. पंचवीस वर्षांत जन्नतबी आमच्या नव्या गावठाणात एकदाही आली नव्हती. महामायाला दर ईदला कपडे पाठवायची. पोरगी लातूरला शिकायला गेली तेव्हापासून दर शुक्रवारी तिला जेवायला बोलवायची, तिच्या केसांना तेल लावायची. पण माझ्या उंबऱ्याला पाय लावला नाही. माझी पोरगी जिच्या कुशीत वाचली, ती बाई माझ्या घरी येत नाही. मला दुसरं काही नको होतं. मरायच्या आत तिनं एकदा यावं, पारूच्या घरी मुक्काम करावा, एवढंच हवं होतं. आणि दोनशे किलोमीटरवरच्या गावाला जाणारी गाडी माझ्या चाळीस किलोमीटरवरच्या गावाला येणार नव्हती. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

२०१८ च्या डिसेंबरात दोघं निघाले. रोज संध्याकाळी रसूलभाईचा फोन यायचा आणि मी अंगणात बसून प्रवास ऐकायचो. मलप्पाकडं दोन दिवस झकास गेले. अहमदपूरला पहिला घोटाळा झाला. गाडीला नवा रंग दिला होता, पण खालची जुनी अक्षरं उन्हात वर यायची. 'यंदाही डॉक्टर आमचेच' हे लांबूनसुद्धा वाचता येत होतं. बसस्टँडपाशी चहाला थांबले तर एक माउली पोरीला आणि तिच्या पत्र्याच्या ट्रंकेला घेऊन सरळ आत चढली आणि पलंगावर बसली. लातूरच्या क्लासची गाडी समजून. जन्नतबीनं तिला चहा दिला, पोरीला लाडू दिला, ती म्हणे क्लासची सोय लई चांगली आहे. गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली तेव्हा बाईनं बोंब ठोकली. मग त्यांना परत आणून लातूरच्या गाडीत बसवून दिलं.

नांदेडला वेगळंच झालं. त्यांचा पोरगा जुबेर तिथं तिसऱ्या मजल्यावर राहतो. आई येणार म्हणून त्यानं खोली सजवली होती. ही दोघं गेटबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावून त्यातच राहिली. सोसायटीतले लोक बघायला लागले. जुबेरला लागलं ते. लोक म्हणणार पोरगं आईबापाला रस्त्यावर ठेवतं. दोन दिवस तो खाली आला नाही. जन्नतबी गाडीत स्वयंपाक करायची आणि वॉचमनच्या हाती डबा वर पाठवायची. तिसऱ्या दिवशी जुबेर ताट हातात घेऊन खाली आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, अम्मी, गरम गरम वाढ. हे सांगताना रसूलभाई फोनवर रडत होता आणि मी त्याला क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नको म्हणून ओरडत होतो. मला दुसरं काय बोलावं सुचत नाही अशा वेळी.

हिमायतनगरच्या पुढं जन्नतबीच्या थोरल्या बहिणीचं, रहमतबीचं गाव. दोघी बहिणी अकरा वर्षांत भेटल्या नव्हत्या, कारण तेवढ्या लांबून उजेडी परत येणं होत नाही. गावात शिरायच्या रस्त्यावर कमान, आणि वरची टाकी बरोबर त्या कमानीत अडकली. पुढं जाईना, मागं येईना. रसूलभाईनं मला फोन लावला. मी म्हणालो, चाकांतली हवा सोड, गाडी खाली बसेल. जुनी ड्रायव्हरी अक्कल आहे ही, कधी चुकत नाही. त्यानं सहाही चाकांतली सगळी हवा सोडली. सगळी! गाडी सुटली खरी, कमानीखालून बाहेर ढकलली, पण आता ती रिंगांवर बसलेली आणि गावात हवा भरायला काय, तर सायकल दुकानातला हातपंप. दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर सुरू केलं ते तिसऱ्या प्रहरी असरची अजान होईपर्यंत अख्खं गाव आळीपाळीनं पंप मारत होतं. सरपंचानंसुद्धा मारला. तरी चाकं अर्धीच भरली, दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणवला. तोवर दोघी बहिणी गाडीच्या पायरीवर एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. कुणी उठवायला गेलं तर रहमतबी म्हणायची, थांबा की, आमचं अजून अकरा वर्षांचं राहिलंय. टाकी काढून तिलाच देऊन टाकली.

एवढं सगळं निभावून परत येताना चाकूरच्या अलीकडं क्लच प्लेट गेली. मी सांगत होतो पाय ठेवू नको म्हणून. त्यात रसूलभाईनं गाडीखाली झोपून बघताना तापलेल्या सायलेन्सरला तळहात टेकवला आणि भाजून घेतला. मी पहिल्या एसटीनं चाकूरला पोचलो. मेकॅनिकला बसवून रात्रीपर्यंत प्लेट बदलली, त्याच्या हाताला पट्टी बांधली. स्टिअरिंग धरण्यासारखा हात नव्हता. म्हटलं, बसा मागं, मी नेतो लातूरला.

रिटायर झाल्यावर चार वर्षांनी मी पुन्हा लांबच्या रस्त्यावर गाडी चालवत होतो. दुसऱ्या दिवशीचा रविवार, सकाळचं ऊन, तुरी काढणीला आलेल्या. मागं जन्नतबी मशीनवर काहीतरी शिवत होती आणि खडखडाट होऊनही डबे जागचे हलत नव्हते. ह्या बाईनं पंधरा-वीस दिवसांत एक कमान, रुसलेला पोरगा, फुटका क्लच सगळं सोसलं आणि चेहऱ्यावर आठी नाही. तेरा गावांत कुणालाही नाही म्हणाली नाही. मग मी काय वाईट केलं होतं? लातूरचा बायपास आला. त्यांच्या घराला वळायचा फाटा आला. मी वळलो नाही. औशाचा रस्ता धरला.

रसूलभाईच्या लक्षात आलं, तो खिडकीबाहेर बघत राहिला. औसा मागं पडलं तेव्हा मशीन थांबलं.

"भाऊ, गाडी थांबवा," जन्नतबी म्हणाली. "मला तिथं न्यू नका."

मी एका लिंबाखाली गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. मग माझा तोल सुटला. पंचवीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं. माझ्या घराला काय विटाळ झालाय का, मी काही कमी केलं का, छताची भीती असेल तर ही गाडी अंगणात लावा पण या तरी, पारूचं घर आहे ते, असं बरंच काही बोललो. ती ऐकत बसली. माझं संपल्यावर अगदी हळू बोलायला लागली.

"तुम्ही त्या दिवशी दुपारी आलात," ती म्हणाली. "पोरगी माझ्या कडेवर हुती. तुम्ही आधी तिला घेतलं न्हाई. मला इचारलं, भाभी, तुम्ही बाहेर आन् पारू आत कशी?"

मला ते आठवत नव्हतं. शपथेवर सांगतो, आजही आठवत नाही. पण ती खोटं बोलणारी बाई नाही, आणि ते शब्द माझेच आहेत हे मला ऐकताक्षणी कळलं.

"तुम्ही बरोबर इचारलं," ती म्हणाली. "ती बाज पारूबाईची हुती. आत तिचा जीव कोंडायचा, ती रोज बाहेरच झोपायची. मी पाहुणी म्हणून तिनं मला दिली आन् आपण आत गेली. मी न्हाई बी म्हणले न्हाई. हवा येत हुती. मला आवडली ती जागा." तिनं मशीनवरचं कापड घडी घालून बाजूला ठेवलं. "तवापासून मी कुनाची पाहुणी झाले न्हाई. मी गेले की घरातलं कुणीतरी आपली जागा सोडतं."

रसूलभाई भाजलेला हात मांडीवर घेऊन तिच्याकडं बघत होता. मग तुला छताची भीती नाही, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, छताचं मी कधी बोलले? तुम्ही पत्र्याच्या खोलीत बिस्तर टाकलं, मी तिथं झोपले. तुम्ही ही गाडी बांधून राहिले, मला वाटलं बरं झालं, आपली जागा आपल्यासंगं. त्यानं वर बघितलं. सात महिने एकेक रिबिट मोजून ठोकलेलं ते पातळ छत. पंचवीस वर्षं तो भलत्याच भीतीशी झुंजत होता आणि तरीही त्यानं बांधलेलं बरोबर तिच्या कामी आलं होतं. हे कसं होतं, मला सांगता येणार नाही.

शेवटी मी म्हणालो, "भाभी, मी इचारलं असंल. पण ते तुमच्यावर न्हवतं. मला त्या वक्ताला काय इचारावं ह्येच कळत न्हवतं."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "पण उत्तर माझ्याकडं आजबी न्हाई."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. लाज कसली त्यात. माझ्या तापट तोंडानं आजवर पॅसेंजर दुखावले, कंडक्टर दुखावले, साहेब दुखावले, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण एक वाक्य मी बोलून विसरून गेलो आणि ते एका बाईनं पंचवीस वर्षं वागवलं. उलट मीच तिच्यावर रुसून बसलो होतो. बऱ्याच वेळानं जन्नतबी म्हणाली, आता एवढं आलोच आहोत तर पोरीला भेटून जाऊ, पण दिवस मावळायच्या आत निघू. मी मान हलवली आणि गाडी सुरू केली.

रविवार म्हणून महामाया घरी होती. गाडी दारात बघून ती पिठाच्या हातानंच धावत आली. आमचं गावठाण सरळ रेघांचं, सगळी घरं एका साच्याची, सरकारनं बांधून दिलेली. जन्नतबीनं आधी सगळं बाहेरून पाहिलं. मग उंबऱ्यापाशी थांबून आत आली आणि पारूच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, मी मुद्दाम बाहेर गेलो. ज्वारीच्या भाकरी, आंबट वरण, ठेचा असं जेवण झालं. ती चवीनं जेवली. महामायाला काहीतरी वेगळं झालंय हे कळलं होतं. तिनं रसूलभाईला मागच्या अंगणात गाठून सगळं काढून घेतलं. मास्तरीण आहे ती, तिच्यापुढं कुणाचं काही लपत नाही.

उन्हं कलली. जन्नतबी पदर सावरत उठली, निघते म्हणाली. आम्ही बाहेर आलो तर महामाया आधीच गाडीत चढलेली. पलंग खाली पाडून त्यावर मांडी घालून बसली होती, उशाला आपली शाल.

जन्नतबी पायरीशी थांबली. हे काय चाललंय म्हणून विचारलं.

"खाला, मी तुझ्याकडं मुक्कामाला आले," महामाया म्हणाली. "आज मी तुझी पाहुणी. ठेवतीस का हाकलतीस?"

आलेल्या पाहुण्याला हाकलायचं तिला आयुष्यात जमलं नव्हतं, अहमदपूरच्या त्या ट्रंकवालीलासुद्धा तिनं चहा पाजला होता. तिनं पलंगाकडं पाहिलं. तेवढा एकच होता, एका माणसाच्या मापाचा, रसूलभाई कायम खाली सतरंजीवर झोपायचा.

"आन् मग मी कुठं झोपू गं?" ती म्हणाली.

"घरची माणसं आत झोपतात," महामाया म्हणाली.

समोरच्या ओळीतल्या बाया अंगणं झाडायच्या थांबल्या होत्या. जन्नतबी पायरीचा दांडा धरून उभी होती. मला वाटलं, आता ती बसकण मारेल नाहीतर रस्त्याला लागेल. मी पुढं व्हायला गेलो तर रसूलभाईनं माझा दंड धरला. मग तिनं दांडा सोडला. गाडीत चढली, महामायाच्या पायांवर रजई घातली, खिडकीची जाळी नीट लावली, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. खाली उतरली. आणि त्या उंच बाईनं माझ्या घराकडं चालायला सुरुवात केली. अंगण काही मोठं नाही, वीस पावलं असतील. मी चांगले चांगले घाट पार केलेत रात्रीबेरात्री, पण त्या वीस पावलांइतकं अवघड काही पाहिलेलं मला आठवत नाही. उंबऱ्यात ती थांबली नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी आणि रसूलभाई ओसरीतच आडवे झालो. आतून पावलांचा आवाज नाही, रडण्याचा नाही, काही नाही. मला झोप लागली.

उजाडल्यावर भांड्यांच्या आवाजानं जागा झालो. स्वयंपाकघरात जन्नतबी फळीवरचे डबे एकेक करून उघडत होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मी दारात आलो तसं माझ्याकडं न बघताच माझ्यावर खेकसली.

"साखर कुठं ठेवलीत भाऊ? सगळे डबे झाले बघून. तिकडं पाहुणी उठायची येळ झाली, तिला च्या न्यायचा हाय."

मी खालच्या फळीवरचा डबा काढून दिला.